पाऊस सरल्यावर विमाने धुण्याचा सण

प्रति,
माननीय प्रभारी अधिकारी व व्यवस्थापन, नौदल हवाई संग्रहालय, बोगमाळो;
तसेच सणासुदीच्या कार्यक्रमांना हातभार लावणारी पर्यटन खात्यातील मंडळी आणि मुरगाव तालुक्यातील शाळांचे मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घरांत मखर आणि रोषणाईची चर्चा मागाहून सुरू होते. त्याआधी शिडी निघते, कौले पाहिली जातात, पावसाने भिंतींवर चढलेले शेवाळ काथ्याने घासून काढले जाते, आणि घर कोरडे व स्वच्छ झाल्यावरच गणपतीच्या डोक्यावर फळापानांनी सजवलेली माटोळीची चौकट टांगली जाते. बोगमाळोच्या रस्त्यालगत उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या विमानांच्या बाबतीतही सणांचा मोसम असाच सुरू व्हावा, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती लहान असली तरी तिच्यामागचे कारण सांगायला थोडी जागा लागेल, ती आपण द्याल अशी आशा आहे.

मी वास्कोत जन्मले, तालुक्यातल्या मराठी शाळांत बरीच वर्षे विज्ञान शिकवले आणि आता निवृत्त आहे. माझी स्वतःची प्राथमिक शाळा दाबोळीला उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखालीच होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नौदलाची 'सुपर कॉन्स्टेलेशन' समुद्रावरची टेहळणी करून परतत, तेव्हा त्यांच्या चार इंजिनांच्या जड घरघराटाने वर्गाच्या काचा थरथरत आणि आमच्या बाई फळ्यावर टेकवलेला खडू तसाच धरून थांबत. विमान गेले की वाक्य जिथे तुटले होते तिथून पुढे सुरू होई. त्या विमानाला तीन शेपट्या असतात हे आधी कोणी पाहिले, यावरून मधल्या सुट्टीत भांडणे होत. पुढे ऑक्टोबर १९९८ मध्ये आपले संग्रहालय सुरू झाले, मी माझ्या वर्गाला घेऊन आले आणि मुलांच्या आधी मीच शेपट्या मोजल्या. त्यानंतर किती वेळा आले याचा हिशेब ठेवलेला नाही.

सणांच्या दिवसांत संग्रहालयाने उत्सव करावा की नाही, हा माझा प्रश्न नाही, करावाच. चवथीपासून नाताळापर्यंत गोव्यात माणसे घराबाहेर पडतात, मुंबई-पुण्याकडचे नातेवाईक गावी आलेले असतात, शाळांना सुट्ट्या असतात, आणि विमानाजवळ कधी न गेलेले मूल त्याच दिवसांत आजोबांचे बोट धरून विमानाजवळ येऊ शकते. प्रश्न उत्सव कशाचा, हा आहे. काही वर्षांपूर्वी गोव्याबाहेरच्या एका संग्रहालयात, ज्याचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, सणानिमित्त ठेवलेला कार्यक्रम मी पाहिला. एका जुन्या लढाऊ विमानाच्या पंखाखाली ध्वनिक्षेपकांचे डोंगर रचले होते, पंखाच्या कडेने दिव्यांची माळ सोडली होती, आणि ती माळ घट्ट बसावी म्हणून मंडपवाल्याच्या पोराने ड्रिलने पत्र्यात चार भोके पाडली होती. त्याला कोणी बोलले नाही, कारण भोके पाडताना पाहणारे सगळे फोटो काढण्यात गुंतले होते. मला त्या पोराचा राग आला नाही. त्या विमानाचा पत्रा मंडपाच्या बांबूपेक्षा वेगळा आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तो वेगळा कसा, हे मला माझ्या खिडकीने शिकवले. आमच्या बायण्याच्या घराला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. बसवणाऱ्याने त्या साध्या लोखंडी स्क्रूंनी आवळल्या. दोन पावसाळे गेले आणि प्रत्येक स्क्रूभोवती पिठासारखी पांढरी पूड दिसू लागली. नखाने खरवडली तर पूड गळून खाली खड्डा दिसे, आणि तिसऱ्या वर्षी स्क्रू फिरवायचीही गरज उरली नाही, तो बोटांनीच निघून आला. स्क्रू तांबडा पडला होता, पण जागेवर होता; खाऊन गेली होती ती खिडकी. विमानांच्या कार्यशाळेत उभी हयात काढलेल्या एका शेजाऱ्यांनी ते पाहून सांगितले की दोन जातींचे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओलावा आला की त्यांच्यात एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि लोखंडाशी गाठ पडली की तिच्यात झिजायची पाळी ॲल्युमिनियमची असते. मग ते हसून म्हणाले, "बाई, तुमच्या खिडकीला स्क्रू वीस. आमच्या विमानाला हजारो."

विमानाचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, बोल्ट पोलादाचे, आणि जुन्या विमानांत चाकांचे तुंबे किंवा हेलिकॉप्टरच्या गिअरपेटीचे कवच अनेकदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते, जे ॲल्युमिनियमहूनही लवकर खचते. उडणाऱ्या विमानाला त्याची पर्वा करणारी माणसे रोज भेटतात; समुद्रावरून खाली उडून आलेले विमान गोड्या पाण्याने धुतले जाते, हे नौदलाला मी सांगायला नको. निवृत्त होऊन उभे केलेले विमान मात्र तोच खारा वारा वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस अंगावर घेते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. ते पाणी पंखांच्या पोकळीत, दारांच्या खोबणीत आणि पत्र्यावर पत्रा चढतो त्या सांध्यांत शिरते. बांधणाऱ्यांनी ते बाहेर जावे म्हणून पोटाखाली बारीक भोके ठेवलेली असतात, पण ती पाल्याने, पाखरांच्या काड्यांनी आणि कुंभारमाशीच्या मातीने बुजतात. कुंभारमाशीला विमानाचे नळीसारखे कुठलेही तोंड म्हणजे तयार घर वाटते. भोक बुजले की पाणी आतच बसते आणि वरून रंग झकास दिसत असतानाही आतून पांढरी पूड पडत राहते.

म्हणून माझी मुख्य विनंती अशी. दरवर्षी आश्विनात, पाऊस माघारी गेल्यावर, संग्रहालयाने विमाने धुण्याचा सण लोकांसमोर करावा. ही कामे आपले कर्मचारी एरवी पडद्याआड करीत असतील. मला ती दोरीच्या पलीकडून का होईना, दिसायला हवी आहेत. साधे गोडे पाणी, सौम्य साबण, मऊ कुंचे. जोराचा फवारा सांध्यांवर मारायचा नाही, कारण तो मळाबरोबर पाणीही आत ढकलतो. पोटाखालची भोके एकेक करून तारेने मोकळी करायची. माझी खात्री आहे की मुलांना त्या दिवशी सर्वांत जास्त काय आवडेल, तर कुठल्याशा पंखाखालचे भोक मोकळे होताच आत अडकलेले पावसाचे तपकिरी पाणी भसकन बादलीत पडते, तो क्षण. त्यानंतर विमान सुकवायचे, सांध्यांना गंजरोधक तेल लावायचे, तोंडांना बारीक जाळी बसवायची आणि टायरवरचा भार टेकूंवर घ्यायचा. तज्ज्ञांचे काम तज्ज्ञांनीच करावे. पण बादल्या भरणे, कुंचे धुणे, पाला वेचणे आणि प्रत्येक विमानाची वही घेऊन कुठे काय दिसले ते लिहिणे, हे नववी-दहावीची मुले उत्तम करू शकतात. आज दिसलेला फोड पुढच्या वर्षी किती वाढला, हे त्या वहीतून कळेल, आणि मला विचाराल तर विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी याहून चांगला विषय आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता.

यासाठी दसऱ्याच्या आसपासचा रविवार मला योग्य वाटतो, कारण त्या दिवसांत आपल्याकडे हत्यारांची आणि वाहनांची पूजा होतेच. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, टॅक्सीवाल्याची गाडी यांना झेंडूची माळ पडते, मग समुद्र राखलेल्या विमानांना का नको? फक्त एक सूचना, तीही जरा हसत हसत घ्यावी: चाकाखाली लिंबू चिरडू नये आणि नारळ टायरवर फोडू नये. लिंबाचा रस आम्लधर्मी आणि शहाळ्याच्या पाण्यातले क्षार चिवट. हळद-कुंकवाची बोटेही रंगाच्या भेगेत मुरतात. नारळ समोर पाटावर ठेवावा, माळ दोरीच्या खांबाला घालावी. देव रागावणार नाही, आणि शेजारच्या काकांचाही जीव भांड्यात पडेल.

हे धुण्याचे काम उत्सव म्हणून करा, असा आग्रह धरण्यामागे एक दुःखही आहे. या आवारातली 'सी हॉक' आणि 'आलिझे' ही विमाने ज्या जहाजाच्या पाठीवरून उडाली, ते पहिले 'विक्रांत' आज नाही. ४ मार्च १९६१ रोजी ते नौदलात आले, १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले, त्यांनी त्याच्या डेकवर विमान उतरवले, १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेलेले असतानाही ते बंगालच्या उपसागरात लढले, आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाले. मुंबईत ते काही वर्षे संग्रहालय म्हणून उभे होते, मी माझ्या भाच्यांना घेऊन ते पाहिले आहे. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव ते लोकांसाठी बंद झाले आणि २०१४ मध्ये तोडायला गेले. त्याच्या पोलादाचा अंश पुढे 'बजाज व्ही' या मोटरसायकलमध्ये वापरला गेला. सिग्नलला ती गाडी शेजारी थांबली की मी अजूनही पेट्रोलच्या टाकीकडे पाहते. एवढे प्रचंड जहाज राखणे खर्चाचे आणि कठीण होते, हे मी समजू शकते. इथली विमाने त्या मानाने हाताच्या आवाक्यातली आहेत. जहाज गेल्यामुळे त्याच्या पाखरांची किंमत वाढली आहे, आणि ती बोगमाळोला आहेत.

त्या पाखरांविषयी सणाच्या दिवसांत काय सांगावे, याबद्दलही थोडे लिहिते. 'सी हॉक' आणि 'सी हॅरिअर'पुढे गर्दी आपोआप जमते. वेगाला कौतुक मागावे लागत नाही. 'आलिझे'पाशी मात्र लोक फारसे रेंगाळत नाहीत, आणि मला तिथेच माणूस उभा करावासा वाटतो. हे फ्रेंच विमान. त्याच्या नावाचा अर्थ व्यापारी वारा, म्हणजे ज्या नियमित वाऱ्यांच्या भरवशावर शिडांची जहाजे महासागर ओलांडत, तो वारा. तिघे जण आत बसत, पोटातला रडारचा घुमट उडताना खाली सोडला जाई आणि उतरताना आत ओढून घेतला जाई, पाणबुडी शोधायचे काम तासन् तास चाले. त्याचे रोल्स-रॉइस 'डार्ट' इंजिन आपल्याकडच्या जुन्या प्रवाशांच्या ओळखीचे आहे, कारण इंडियन एअरलाइन्सच्या 'व्हायकाउंट', 'फॉकर' आणि 'ॲव्हरो' विमानांना हेच इंजिन होते; मुंबई-दाबोळी प्रवास केलेल्या एखाद्या आजीला ती शिटीसारखी किंकाळी आठवत असेल. आजीला ती आठवण सांगायला लावणे, हाच माझ्या मते तिथला कार्यक्रम आहे. पंख का दुमडतात, या मुलांच्या हमखास प्रश्नाला तिथे कोणीतरी हाताचे कोपर दुमडून उत्तर द्यावे: जहाजावर जागा कमी, लिफ्ट लहान, म्हणून विमान कोंबडीसारखे पंख आवरून खाली जाते.

'शॉर्ट सीलँड'चा मान पहिला, कारण नौदलाकडे सर्वांत आधी आलेले विमान तेच. फेब्रुवारी १९५३ मध्ये पहिले 'सीलँड' कोचीला पोहोचले आणि ११ मे १९५३ रोजी तिथे 'आयएनएस गरुड' हा नौदलाचा पहिला हवाई तळ सुरू झाला. पाण्यावर आणि जमिनीवर, दोन्हीकडे उतरणारी अशी विमाने मुळातच थोडी बनली आणि आज जगभरात मोजकी उरली आहेत. त्यांपैकी एक आपल्या बोगमाळोला आहे, हे गोव्यातल्या किती मुलांना ठाऊक असेल?

आणि माझी तीन शेपट्यांची राणी. हा शब्द मी लाडाने वापरत असले तरी तो अगदी निराधार नाही, कारण एअर इंडियाने आपल्या 'सुपर कॉन्स्टेलेशन' विमानांना राण्यांचीच नावे दिली होती. 'सुपर कॉन्स्टेलेशन' आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान होते, मग साठच्या दशकाच्या आरंभी हवाई दलाकडे गेले आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आले. विलायतेला जाणारे प्रवासी, मग सैनिक आणि सामान, आणि शेवटी अरबी समुद्रावर डोळे लावून बसलेले टेहळे, असे तीन संसार एकाच देहाने केले. तीन शेपट्यांचे कारणही घरगुती आहे: एकच उंच शेपूट ठेवली असती तर विमान त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेले नसते. वर्गातल्या त्या भांडणाच्या वेळी हे कोणी सांगितले असते, तर आमच्यातला एखादा तरी अभियंता झाला असता. जवळ उभे राहून रिव्हेटांच्या ओळीवरून नजर फिरवली तर त्या दुरून वाटतात तशा अगदी सरळ नसतात. कुठे एखादा रिव्हेट जरा आत दबलेला, कुठे पत्र्याच्या ठिगळाला नव्या रिव्हेटांची दुहेरी चौकट. प्रत्येक ठिगळ म्हणजे कोणातरी कारागिराची एक दुपार. सणाच्या दिवसांत अशा एखाद्या ठिगळापाशी एक कागदी बाण लावला, तरी लोक थांबतील.

विमानांच्या आत शिरायची परवानगी मात्र मागणार नाही, उलट कोणी मागितली तर देऊ नये असे सुचवते. जुन्या विमानांतल्या अनेक तबकड्यांचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमयुक्त रंगाने रंगवलेले असत. काच शाबूत असेल आणि हात लागत नसेल तोवर ठीक, पण मुलांच्या गर्दीत ती खात्री कोण देणार? त्यापेक्षा कॉकपिटच्या उंचीचे एक भक्कम लाकडी मचाण बाजूला उभारावे, पायऱ्या आणि कठडा असावा, आणि एका वेळी चौघांनी वाकून आत पाहावे. पंखावर चढून सेल्फी काढणाऱ्यांचा प्रश्नही त्या मचाणाने बराचसा सुटेल, कारण माणसाला उंचावरून फोटो हवा असतो, पंखच हवा असतो असे नाही.

डिसेंबरची आखणी तर पंचांगानेच करून ठेवलेली आहे. ४ डिसेंबरला नौदल दिन येतो, तो १९७१ मध्ये कराचीवर झालेल्या क्षेपणास्त्र नौकांच्या हल्ल्याच्या स्मरणार्थ. पण त्याच दिवशी पूर्वेला 'विक्रांत'वरून उडालेल्या 'सी हॉक' विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला होता, आणि त्या तुकडीचे प्रमुख संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. १६ डिसेंबरला विजय दिवस असतो, आणि योगायोग असा की १९८३ मध्ये त्याच तारखेला पहिली तीन 'सी हॅरिअर' विमाने दाबोळीला उतरली. १९ डिसेंबरला आपल्या गोव्याचा मुक्तिदिन. या पंधरवड्यात वेगळा विषय शोधायची गरजच नाही. ३ डिसेंबरच्या जुने गोव्याच्या फेस्ताची गर्दी ओसरलेली असते आणि नाताळाची अजून सुरू झालेली नसते, ही व्यवहाराची सोय आहेच.

याच पंधरवड्यातल्या आणखी एका दिवसाबद्दल मात्र मला सांभाळून बोलायचे आहे, आणि तो १८ डिसेंबरचा. हे संग्रहालय ज्या धावपट्टीच्या शेजारी आहे, ती पोर्तुगीजांनी पन्नाशीच्या दशकात २४९ एकरांवर बांधली. १९५५ मध्ये भारताकडून येणारी रेल्वे बंद झाली, नाकेबंदी आवळली गेली, आणि त्याच वर्षी पोर्तुगीज इंडियाची विमानसेवा सुरू होऊन कराचीकडे विमाने जाऊ लागली. पुढे १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या बारा 'कॅनबेरा' विमानांनी त्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्या रात्री, खड्डे पडलेल्या पट्टीचा जेवढा तुकडा शाबूत होता तेवढ्यावरून, दोन प्रवासी विमाने अंधारात उडून कराचीला निसटली. त्यांतले एक 'कॉन्स्टेलेशन' होते. आपल्या आवारातल्या राणीचेच ते भावंड म्हणायचे. एक त्या रात्री इथून पळाले आणि दुसरे पुढे इथेच येऊन मुक्कामाला राहिले. आपले 'विक्रांत' तेव्हा गोव्यापासून दूर समुद्रात गस्तीवर होते. मुक्तीनंतर, एप्रिल १९६२ मध्ये, दाबोळी नौदलाच्या ताब्यात आली आणि ५ सप्टेंबर १९६१ रोजी कोइम्बतूरजवळ सुलूर येथे सुरू झालेला 'आयएनएस हंसा' हा तळ जून १९६४ मध्ये इथे आला.

ही हकिकत सांगताना नुसता जयघोष पुरेसा नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. दाबोळी, चिखली, बोगमाळो या गावांतल्या ज्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी ते स्फोट ऐकले, ज्यांच्या आज्यांची शेते आधी एका राजवटीच्या धावपट्टीखाली गेली, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. १८ तारखेच्या संध्याकाळी आवारात चटया अंथराव्यात, ध्वनिक्षेपक एकच आणि लहान असावा, आणि त्यांना आपापल्या भाषेत, कोकणीत, मराठीत किंवा पोर्तुगीज मिसळलेल्या बोलीत, आठवेल तसे बोलू द्यावे. माझे वडील बंदरात कामाला होते. त्या सकाळी घरातल्या सगळ्यांनी पलंगाखाली आसरा घेतला होता आणि आजी तिथेही पानाचा डबा घेऊन गेली होती, एवढीच आमच्या घराण्याची त्या युद्धातली कामगिरी ते सांगत. अशा गोष्टी विमानांच्या माहितीफलकांवर येणार नाहीत, पण त्या जतन करण्याची वेळ हीच आहे. ध्वनिमुद्रण करून ठेवले तर संग्रहालयाच्या संग्रहात ती भर कुठल्याही क्षेपणास्त्रापेक्षा कमी मोलाची ठरणार नाही.

फलकांचा विषय निघालाच आहे, तर या मोसमापुरते तरी प्रत्येक विमानाजवळ कोकणी आणि मराठी मजकुराचे साधे, पुठ्ठ्यावरचे फलक असावेत. ते लिहिण्याचे काम आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांवर सोपवावे, मोबदला नको. तपासणी आपल्या अधिकाऱ्यांनी करावी. आणि माहिती सांगायला शक्यतो त्या विमानांवर काम केलेली माणसे बोलवावीत. वैमानिकांना व्यासपीठ मिळते, ते मिळायलाही हवे. परंतु वास्को, चिखली, झुआरीनगर या भागांत असे कितीतरी फिटर, इलेक्ट्रिशियन, रंगारी आणि टायरवाले राहतात ज्यांनी आयुष्यभर ही विमाने उडती ठेवली आणि जे आज संध्याकाळी बाकावर बसून फक्त रक्तदाबाविषयी बोलतात. 'सी हॅरिअर' मे २०१६ मध्ये इथेच निवृत्त झाले आणि समुद्रावरच्या टेहळणीचे 'आयएल-३८' ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे त्यांच्यावर हात चालवलेली माणसे अजून धडधाकट आहेत. त्यांना अर्ध्या तासाचे भाषण करायला सांगू नये, ते घाबरतील. त्यांच्या हातात एक पाना द्यावा आणि विमानाशेजारी उभे करावे, मग थांबवणे कठीण जाईल.

गोंगाटाबद्दल एकच वाक्य, कारण बाकी आपण जाणताच: नरकासुराच्या रात्रीचा दणदणाट ज्यांनी गोव्यात ऐकला आहे, त्यांना तोच दणदणाट या कुंपणाच्या आत आलेला नको आहे. नाताळात एक तारा आणि लहानसा गोठा प्रवेशद्वारापाशी जरूर करावा.

शेवटी मनुष्यबळाचा प्रश्न उरतो. वर्षानुवर्षे हे धुण्याचे काम कोण करणार, असे आपण विचाराल, आणि ते रास्त आहे. वास्कोला श्री दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते, शंभराहून अधिक वर्षे चालत आले आहे, आणि ते कोणा एकाच्या दमावर चालत नाही. पथके वेळ वाटून घेतात. पहाटे तीनची वेळ ज्यांच्या वाट्याला येते तेही डोळे चोळत येतात, कारण आपल्या वेळेला टाळ थांबला ही नामुष्की कोणालाच नको असते. बाजारकर, टॅक्सीवाले, निरनिराळे समाज आपापला पार, म्हणजे भजनी मिरवणूक, वाजतगाजत आणतात. तीच रीत इथे लावता येईल. एकेका शाळेने एकेक विमान वाटून घ्यावे: चिखलीच्या शाळेकडे 'सीलँड', बायण्याच्या शाळेकडे 'आलिझे', असे. वही त्या शाळेत राहील, दहावीची मुले गेली की ती नववीच्या हातात जाईल, आणि आश्विन आला की कोणाच्या विमानातून किती पाणी निघाले याची चढाओढ लागेल. मुख्याध्यापकांना विनंती अशी की सहलीच्या यादीत हा दिवस आताच घालून ठेवावा. सोमवारी संग्रहालय बंद असते, हे लक्षात घेऊन रविवार किंवा शनिवारच धरावा.

आपली अनुमती मिळाल्यास पहिल्या वर्षी एकाच विमानापासून सुरुवात करू. त्यासाठी वीस मुले, दोन शिक्षक आणि वर उल्लेख केलेले शेजारी काका यांची तयारी मी करून ठेवली आहे. कुंचे व बादल्या आम्ही आणू. गोड्या पाण्याचा नळ आणि कोणत्या भागाला हात लावायचा नाही हे दाखवणारा आपला एक माणूस, एवढे आपल्याकडून हवे. मुलांनी रबरी तळाची पादत्राणे घालावीत की अनवाणी यावे, तेही कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
बायणा, वास्को